'प्रोफाइल्स इन करेज' : पक्षनिष्ठेचे एक अपुरे मोजमाप

जॉन एफ. केनेडी यांचा 'प्रोफाइल्स इन करेज' हा ग्रंथ 1956 मध्ये प्रसिद्ध झाला व 1957 मध्ये त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. पक्ष वा मतदार यांचा रोष पत्करून भूमिका घेणाऱ्या आठ अमेरिकन सिनेटरांची ही शब्दचित्रे होत. बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपण केल्याचे थिओडोर सोरेन्सन यांनी 2008 च्या आठवणींत नमूद केले आहे. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. पक्षाशी फारकत हेच धैर्याचे लक्षण मानले, तर ती फारकत कशासाठी झाली आणि तिची झळ कोणास बसली, याचा विचार ग्रंथात होतो काय?

मुळात 'पक्ष' ही संकल्पनाच येथे स्थिर नाही. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी फेडरलिस्ट असूनही 1807 च्या व्यापारबंदी कायद्यास पाठिंबा दिला. 1808 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने मुदतीपूर्वीच त्यांच्या जागी दुसरा सिनेटर निवडला आणि अ‍ॅडम्स यांनी राजीनामा दिला. 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याला सरावलेल्या आपल्या वाचकाने हा भेद ध्यानी घ्यावा : तेथे पक्षत्यागाने पद जात नसे, पण निवडणारे आणि पक्षधुरीण बहुधा एकच असत. पुढे अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यानंतर अँटी-मेसॉनिक व अखेर व्हिग म्हणून प्रतिनिधिगृहात बसले. गुलामगिरीविरोधी अर्जांवरील बंदी उठविण्याचा त्यांचा लढा 1844 मध्ये यशस्वी झाला. ग्रंथाचा भर मात्र 1807-08 च्या प्रसंगावर आहे.

एडमंड रॉस यांचे प्रकरण अधिक चिंत्य आहे. 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात 35 विरुद्ध 19 मते पडली. दोषसिद्धीस 36 हवी होती. सात रिपब्लिकन सदस्यांनी पक्षाविरुद्ध मत दिले. रॉस त्यांपैकी एक. जॉन्सन मूळचे डेमोक्रॅट. 1864 मध्ये ते लिंकन यांच्यासह 'नॅशनल युनियन' या नावाखाली निवडून आले होते. त्यांनी 1866 च्या नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरला व चौदाव्या घटनादुरुस्तीस विरोध केला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने रॉस यांच्या मताचा अर्थ काय होता, हे केनेडी विचारीत नाहीत. त्या मतानंतर थोड्याच काळात रॉस यांनी जॉन्सन यांच्याकडे आपल्या माणसांच्या नियुक्त्यांसाठी आग्रह धरला, ही बाबही नायकाच्या प्रतिमेत बसत नाही. पुढे रॉस डेमोक्रॅट झाले.

लुशियस लामार यांच्यावरील प्रकरणात ही उणीव उघडी पडते. रौप्य चलनाच्या प्रश्नावर 1878 मध्ये त्यांनी मिसिसिपीच्या विधिमंडळाचा आदेश झुगारला, हे खरे. परंतु 1875 मध्ये त्यांच्याच पक्षाने कृष्णवर्णीय मतदारांना दहशतीने दूर ठेवून त्या राज्यात सत्ता मिळविली होती. तत्कालीन गव्हर्नर अ‍ॅडेल्बर्ट एम्स यांचे चित्रण अन्यायकारक असल्याचे त्यांची कन्या ब्लँच एम्स यांनी केनेडींना वारंवार लिहून कळविले. दुरुस्ती झाली नाही. अखेर 1964 मध्ये त्यांनी स्वतःच पित्याचे चरित्र प्रसिद्ध केले. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या गुलाममुक्तिवाद्यांना अर्पण केली, त्यांचा वारसा सांगणाऱ्या पुनर्रचनावादी रिपब्लिकनांना या ग्रंथात सूडबुद्धीचे ठरविले जाते. मराठी वाचकाला हे खटकल्यावाचून राहणार नाही.

ग्रंथातील सर्वांत समर्थ प्रकरण जॉर्ज नॉरिस यांचे. रिपब्लिकन असून त्यांनी 1928 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार अल स्मिथ यांना पाठिंबा दिला. 1936 मध्ये ते नेब्रास्कातून अपक्ष निवडून आले. येथे धोरण, मतदार व पक्ष यांतील ताण खरोखर तपासला गेला आहे.

लेखकाचा स्वतःचा प्रसंगही विसरता येत नाही. डिसेंबर 1954 मध्ये जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव 67 विरुद्ध 22 मतांनी संमत झाला. उपस्थित सर्व डेमोक्रॅट सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. केनेडी पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात होते. गैरहजर सदस्याला आपला कल नोंदविण्याची सोय सिनेटमध्ये असते, तिचाही त्यांनी उपयोग केला नाही. हा ग्रंथ आकारास आला तो त्याच आजारपणातील सक्तीच्या विश्रांतीत.