पापणीचा पुरावा : मस्काराच्या जाहिरातींचा साचा

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत मस्काराच्या जाहिरातीचा साचा सर्वांत पक्का आहे. आधी साधी, फिकट पापणी. मग मुळापासून टोकापर्यंत सावकाश फिरणारा ब्रश. शेवटी पडदाभर डोळा आणि शेजारी एक आकडा. हा क्रम प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाचा आहे. लिपस्टिकची जाहिरात मोहात पाडते, मस्काराची जाहिरात पुरावा मांडते. तेव्हा तिची तपासणीही पुरावा म्हणूनच व्हायला हवी.

ब्रिटनमध्ये २००७ साली अशी तपासणी झाली. लॉरेआलच्या ‘टेलिस्कोपिक’ मस्काराच्या जाहिरातीत पेनेलोपे क्रुझ होती आणि दावा होता पापण्या ६० टक्क्यांपर्यंत लांब होण्याचा. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेपुढे दोन गोष्टी आल्या. क्रुझच्या पापण्यांत काही कृत्रिम केस बसवलेले होते. आणि ६० टक्के हा आकडा पापण्या लांब ‘होण्याचा’ नव्हता, लांब ‘दिसण्याचा’ होता. सारा व्यवहार या दोन क्रियापदांमधल्या फटीत चालला होता. संस्थेने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

मग तळटीप दिली की प्रश्न सुटतो का? २०११ साली अमेरिकेत ‘कव्हरगर्ल’च्या जाहिरातीत टेलर स्विफ्टच्या छायाचित्रासोबत दुप्पट दाटपणाचा दावा होता, आणि छायाचित्रणानंतर पापण्या सुधारल्याची कबुलीही बारीक अक्षरांत होती. तेथील स्वनियमन संस्थेने आक्षेप घेतल्यावर प्रॉक्टर अँड गॅम्बलने ती जाहिरात मागे घेतली. कबुलीने फसवणूक धुऊन निघत नाही. चित्र क्षणात पटते, टीप शोधावी लागते. चित्राने जे सिद्ध केले तेच टीप नाकारत असेल, तर प्रात्यक्षिक उरतच नाही.

‘जाहिरात म्हटली की अतिशयोक्ती आलीच,’ असा बचाव नेहमी होतो. आपल्या काव्यशास्त्राने अतिशयोक्तीला अलंकाराचा मान दिला, पण तेथे ती अतिशयोक्ती आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. टक्केवारी जोडली की ही समजूत मोडते. अलंकार मोजमापाचा वेश घेतो. घरी आरशासमोर तोच मस्कारा लावणाऱ्या स्त्रीला तो परिणाम दिसला नाही, तर ती आकड्यावर शंका घेण्याआधी स्वतःच्या पापण्यांवर घेते. खोट्या पुराव्याचा खरा भुर्दंड हाच आहे.