उभ्यानं रंगणारा सामना

युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचं स्टेडियम शहराच्या आग्नेय टोकाला, क्योपेनिकच्या झाडीत आहे. बर्लिनमध्ये शिकताना मी तिथं जायचो तो फुटबॉल पाहायला. हळूहळू लक्ष मैदानावरून पायऱ्यांकडे वळलं. खरी रचना तिथं घडत होती.

या रचनेचा आकृतिबंध स्टेडियमच्या बांधणीतच आहे. 22,012 प्रेक्षकांच्या जागेत खुर्च्या जेमतेम साडेतीन हजार. बाकी सगळे उभे. खुर्चीतला माणूस सामना बघतो, खांद्याला खांदा भिडवून उभा असलेला त्यात ओढला जातो. या पायऱ्याही चाहत्यांच्याच हातच्या. क्लबची ऐपत नव्हती, तेव्हा 2008-09 मध्ये दोन हजारांहून अधिक जणांनी फुकट राबून स्टेडियम नव्यानं उभं केलं.

रंग भरतो तो खेळाडूंची नावं पुकारताना. निवेदक प्रत्येकाचं पहिलं नाव उच्चारतो. आडनाव गर्दी पुरं करते आणि वर ‘फुटबॉलचा देव’ अशी पदवी जोडते. कीर्तनकारानं चरण अर्ध्यावर सोडावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तसं. गंमत अशी, की गोल करणाऱ्याला आणि राखीव बाकावरच्या पोराला देवपण सारखंच. शेजारच्या आजीबाई, गळ्यात लाल-पांढरा मफलर, हे अत्यंत गंभीर चेहऱ्यानं ओरडतात. थट्टा आणि भक्ती यांतली सीमारेषा पुसली जाते, ती इथं.

गजराइतकीच इथली शांतताही बोलकी. 18 ऑगस्ट 2019 रोजी युनियनचा बुंडेसलिगामधला, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधला, पहिलावहिला सामना झाला, समोर लाइपझिग. रेड बुलच्या पैशावर 2009 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या क्लबचा निषेध म्हणून पायऱ्या पहिली 15 मिनिटं मुक्या राहिल्या. त्याआधी, खेळ सुरू होण्यापूर्वी, शेकडो चाहत्यांनी फोटो उंच धरले होते: हा दिवस पाहायला जे उरले नाहीत, त्या आईबापांचे, मित्रांचे. करुण आणि वीर रस एकाच संध्याकाळी, एकमेकांना न झाकता. युनियन 0-4 हरलं.

हरल्यावरचं वागणंही या रचनेत आधीच बसवलेलं आहे. आपल्या संघाची हुर्यो उडवायची नाही, कुणा एका खेळाडूवर खापर फोडायचं नाही, शेवटच्या शिट्टीआधी निघायचं नाही. हे कुणी लिहून लावलेलं नाही; शेजाऱ्याकडे बघून कळतं.

म्हणूनच परक्या विद्यार्थ्याला ही जागा लवकर आपली होते. विद्यापीठात माझं जर्मन व्याकरणात अडखळायचं. पायरीवर व्याकरण कुणी विचारलं नाही. आडनाव वेळेवर ओरडलं आणि नव्वद मिनिटं हललो नाही, एवढ्यावर मी आत होतो. जन्मगाव विचारून नव्हे, सोबत उभं राहण्यावरून माणूस मोजणं, हे या रचनेचं मर्म मला वाटतं.