ग्रंथपालाचा व्यावसायिक विकास, ग्रंथालयाचा कैवार आणि पॉडकास्ट : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ग्रंथपालाने आपले व्यावसायिक ज्ञान अद्ययावत ठेवावे आणि ग्रंथालयाची बाजू समाजापुढे व निर्णयकर्त्यांपुढे सातत्याने मांडावी, या दोन अपेक्षा ग्रंथालयशास्त्रात आता सर्वमान्य झाल्या आहेत. पहिलीला व्यावसायिक विकास म्हणतात. दुसरीसाठी मराठीत रूढ पारिभाषिक शब्द नाही. 'प्रचार' हा शब्द उथळ वाटतो, 'वकिली' हा न्यायालयीन वाटतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'कैवार' हा शब्द वापरला आहे. या दोन्ही गरजा पॉडकास्ट हे एकच श्राव्य माध्यम भागवू शकते, असे प्रतिपादन अलीकडे चर्चासत्रांतून वारंवार केले जाते. हे प्रतिपादन कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे. खेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालयीन ग्रंथालय हा विवेचनाचा संदर्भबिंदू आहे.

पूर्वपीठिका

प्रशिक्षण आणि कैवार यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात ग्रंथालय खाते उभारले. १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. त्यातील भाषायोजना विचारात घेण्यासारखी आहे. इंग्रजी मजकूर व्यवसायबंधूंपर्यंत व बाहेरच्या जगापर्यंत पोहोचत होता, तर गुजराती व मराठी मजकूर संस्थानातील सामान्य वाचकाला ग्रंथालयाचे प्रयोजन सांगू शकत होता. कोणाशी बोलायचे यावर कोणत्या भाषेत बोलायचे हे ठरते, याचे भान त्या योजनेत दिसते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. परंतु सूत्रे मांडून ते थांबले नाहीत. ग्रंथालय कायद्यासाठी त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि १९४८ मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्या कायद्याने ग्रंथालय उपकराच्या रूपाने निधीचा निश्चित स्रोत निर्माण केला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यात ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद व ग्रंथालय निधी यांची तरतूद आहे. उपकराची मात्र नाही. परिणामी येथील ग्रंथालयांना अनुदानासाठी आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडावी लागते. महाराष्ट्रात कैवाराची गरज अधिक तीव्र असण्याचे हे एक कारण आहे.

माध्यमाचे स्वरूप व त्याची मर्यादा

'पॉडकास्ट' ही संज्ञा २००४ मध्ये वापरात आली आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सर्वतोमुखी झाली. नभोवाणीला परवाना, प्रक्षेपक व ठरलेली वेळ लागते. पॉडकास्टला भ्रमणध्वनी, शांत खोली आणि आंतरजाल पुरेसे होते. श्रोता आपल्या सवडीने ऐकतो. ग्रंथालय क्षेत्रानेही हे माध्यम लवकर आत्मसात केले. अमेरिकेत स्टीव्ह थॉमस या ग्रंथपालाने २०११ मध्ये सुरू केलेली 'सर्क्युलेटिंग आयडियाज' ही मुलाखतमालिका त्याचे ठळक उदाहरण होय. ग्रंथपालांनी ग्रंथपालांशी केलेला संवाद हे तिचे मुख्य स्वरूप आहे.

या स्वरूपातच तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही दडलेली आहेत. पाठ्यपुस्तकात वर्गीकरणाचे नियम मिळतात. पण अंदाजपत्रकात कपात झाली असता कोणती नियतकालिके बंद करावीत आणि ते प्राध्यापकांना कसे सांगावे, हे अनुभवी व्यवसायबंधूकडूनच कळते. असे अलिखित ज्ञान संभाषणातून चांगले संक्रमित होते. व्यावसायिक विकासाचे साधन म्हणून पॉडकास्टचे मोल त्यामुळे निर्विवाद आहे. परंतु ग्रंथपालाने ग्रंथपालाला ग्रंथालयाचे महत्त्व पटवून देणे याला कैवार म्हणता येणार नाही. ज्यांना ते आधीच पटलेले आहे, तेच तेथे श्रोते असतात. निधी मंजूर करणारे संस्थाचालक, वेळापत्रक ठरवणारे प्राचार्य, ग्रंथालयाकडे न फिरकणारे प्राध्यापक व विद्यार्थी हे त्या श्रोतृवर्गात नसतात. एकाच ध्वनिमुद्रणाने दोन्ही कार्ये साधतात, हे गृहीतक येथे कोसळते.

व्यावसायिक विकासाची मोजदाद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदोन्नतीसाठी उद्बोधन वर्ग तसेच संगणकीकरण व अंकीकरणविषयक प्रशिक्षण यांची अट आहे. ही अट योग्यच आहे. मात्र तिची पूर्तता उपस्थितीच्या दिवसांनी मोजली जाते. खेडहून मुंबई विद्यापीठ दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. लहान महाविद्यालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो. तो प्रशिक्षणास गेला की देवघेव सहायकावर किंवा शिपायावर येते. आभासी वर्गांमुळे प्रवासाची अडचण कमी झाली, एकटेपणाची झाली नाही. सहकाऱ्याला सहज विचारता येईल असा व्यवसायबंधू तालुक्याच्या गावी शेजारच्या टेबलावर नसतो. पॉडकास्टचा खरा उपयोग या ठिकाणी आहे. तथापि, ऐकलेल्या तासांची गणना पदोन्नतीच्या अर्जात होत नाही, म्हणून त्याला दुय्यम लेखले जाते. याउलट त्याची गणना करावी अशी मागणी मान्य झाल्यास तेही प्रमाणपत्र मिळवण्याचे आणखी एक साधन बनेल, हा धोकाही दुर्लक्षिता येत नाही.

पुणे प्रयोगाचा धडा

श्राव्य माध्यमातून शिक्षण या विषयात महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आहे. ग्रंथालयशास्त्रीय चर्चेत त्याचा उल्लेख अभावानेच होतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. ठरलेल्या वेळी गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राला कळवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळ असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी, केवळ नभोवाणी संच असलेल्या गावांपेक्षा, स्पष्टपणे अधिक आढळली.

या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट आहे. शिक्षण ध्वनीने एकट्याने घडत नाही. ते ध्वनीभोवती जमलेल्या मंडळाने घडते. पॉडकास्टचा पुरस्कार करताना 'केव्हाही, कोठेही, एकट्याने ऐकता येते' हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. पुणे प्रयोगाच्या प्रकाशात तीच त्याची उणीव ठरते. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड व गुहागर या लगतच्या तालुक्यांतील ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा एक भाग ऐकून, एकत्र बसून त्यावर चर्चा केली आणि आपले प्रश्न पुढील भागासाठी पाठवले, तर त्या उपक्रमास व्यावसायिक विकास म्हणता येईल.

कैवाराचा प्रादेशिक संदर्भ

रत्नागिरी जिल्ह्याला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, तर चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुरात चिपळूण शहर बुडाले आणि वाचन मंदिरातही पाणी शिरले. पुरानंतर ग्रंथप्रेमींनी त्याची दखल घेतली, याचे कारण त्या संस्थेने शहराच्या जीवनात आधीच मिळवलेले स्थान हे होते. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच संस्थेकडे होते. संकटकाळी केलेले आवाहन फळते ते त्यापूर्वीच्या संचितावर. जगबुडीच्या काठी वसलेल्या खेडलाही पुराचा अनुभव नवा नाही. त्यामुळे 'आपत्ती आली की बोलू' हे धोरण येथील ग्रंथालयांना परवडणारे नाही.

कोकणात कैवाराला आणखी एक श्रोता आहे, तो म्हणजे मुंबईचा चाकरमानी. गावच्या शाळा व देवळे यांच्या उभारणीत मुंबईतील ग्रामस्थ मंडळांचा वाटा मोठा आहे. ही मंडळी गणपती-शिमग्याला गावी येतात. महाविद्यालयाच्या चर्चासत्राला येत नाहीत. लोकलच्या प्रवासात मात्र त्यांच्या कानापर्यंत पोहोचता येते. गावच्या बोलीत, गावच्या विद्यार्थ्याच्या तोंडून, 'ग्रंथालयामुळे काय साधले' हे सांगणारी दहा मिनिटांची मालिका त्यांच्यासाठी हवी. ग्रंथपालांच्या व्यावसायिक चर्चेचा भाग तेथे उपयोगाचा नाही.

व्यवहारातील काही प्रश्न

पहिला प्रश्न स्वामित्वाचा. कथा-कादंबऱ्यांचे संपूर्ण वाचन ध्वनिमुद्रित करून प्रसृत करणे हा ग्रंथालयांना सुचणारा पहिला उपक्रम असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क अबाधित असतो. त्यामुळे अनुमतीविना असे वाचन १९५७ च्या कायद्याचा भंग ठरू शकते. ग्रंथाचा परिचय व समीक्षा यांना कायद्यात वाव आहे. दुसरा प्रश्न जतनाचा. जो ग्रंथपाल चोपड्यालाही दाखलनोंद क्रमांक देतो, त्याने स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची नोंद व तालिकीकरण न करणे विसंगत आहे. तिसरा प्रश्न कर्णबधिर वाचकांचा. प्रत्येक भागाची लिखित संहिता उपलब्ध नसेल, तर 'प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ' या सूत्राचाच भंग होतो.

निष्कर्ष

१. पॉडकास्ट हे व्यावसायिक विकासाचे उपयुक्त साधन आहे. परंतु चर्चामंडळाची जोड नसेल तर त्याची परिणामकारकता सीमित राहते.

२. व्यावसायिक संवाद आणि कैवार यांचे श्रोते भिन्न असल्याने त्यांची भाषा, लांबी व वक्ते भिन्न असणे आवश्यक आहे.

३. माध्यम स्वस्त असले तरी ग्रंथपालाचा वेळ स्वस्त नाही. ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून किंवा त्याच्यावर कार्यालयीन कामे सोपवून पॉडकास्टची अपेक्षा करणे म्हणजे कैवाराचा भार ज्याची बाजू मांडायची त्याच्याच डोक्यावर टाकणे होय.

या शेवटच्या मुद्द्याचा संबंध प्राध्यापकवर्गाशी आहे. ग्रंथपालाने स्वतःच्या विभागासाठी केलेली मागणी विभागीय मागणी म्हणून नोंदली जाते. तीच मागणी इतिहासाच्या वा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने केली, तर ती शैक्षणिक गरज म्हणून ऐकली जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या पॉडकास्टचा पहिला भाग ध्वनिमुद्रित होईल तेव्हा ध्वनिग्राहकासमोर ग्रंथपालाऐवजी एखाद्या प्राध्यापकाने बसावे, ही सूचना म्हणूनच विचारार्ह आहे.