म्हसे यांचं जाळं

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा दिसतो. मधलं पाणी गढूळ. या पट्ट्यात डोल जाळं लावणाऱ्याला पाण्याखालचं काहीच दिसत नाही. ओढ कुठून येईल, अमावास्येच्या उधाणाला ती किती वाढेल, अष्टमीच्या भांगेला किती मंदावेल, हे सगळं त्याला डोक्यात मांडून ठेवावं लागतं. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘कल्पना’ हा शब्द बहुधा याच कामी येतो. ‘वारा फिरेल याची कल्पना होती’, ‘एवढं पाणी चढेल याची कल्पना नव्हती’, ‘घरच्यांना आधी कल्पना दे’. त्यात हवेतले इमले नाहीत, न दिसणाऱ्या गोष्टीची आधीच केलेली मांडणी आहे. ज्या ‘कॢप्’ धातूवरून हा शब्द आला, त्याचाही अर्थ नीट जुळणं, रचलं जाणं असाच आहे.

या अर्थाने कल्पनेचं सर्वांत देखणं काम मला याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर झालेलं दिसतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी मासेमारीच्या जाळ्याचा विषय पुन्हा पुन्हा रंगवला.

पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते प्रमाण. जाळं चित्राचा बहुतेक भाग व्यापून बसलेलं, आणि माणसं बोटभरसुद्धा नाहीत. शाळेत शिकवलेल्या चित्रकलेत ही चूक ठरेल. पण मासे धरायला गेलेल्या माणसाचा सगळा जीव जाळ्यात असतो. त्या घटकेला त्याला स्वतःपेक्षा जाळं मोठंच असतं. म्हसे यांनी जाळ्याला त्याच्या महत्त्वाएवढी जागा दिली आहे.

मग जवळ जावं. वारली चित्रकाराची पारंपरिक लेखणी म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि रंग तांदळाच्या पिठाचा. म्हसे पुढे कागदावर, कॅनव्हासवर आले, तयार पांढरा रंगही वापरू लागले, तरी हाताची सवय तीच राहिली. जाळ्याचा एकेक आस, म्हणजे विणीतलं एकेक भोक, स्वतंत्र काढलेला आहे. एक दुसऱ्यासारखा नाही. कुठे दाट, कुठे सैल, कुठे ओळ किंचित वळलेली. या बारीक फरकांमुळेच ते सपाट पृष्ठभागावरचं जाळं फुगतं, ताणलं जातं, प्रवाहात हलतं. पट्टी लावून तेच जाळं आखलं असतं तर खिडकीची जाळी झाली असती. कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर छापलेली ‘वारली डिझाइन’ निर्जीव वाटते ती याचसाठी. दोन त्रिकोणांचा माणूस कुणालाही काढता येतो. त्या त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात तिथे कंबर किती कलती ठेवायची, हे मात्र म्हसेच जाणत होते. तेवढ्या कलण्यावरून माणूस ओढतोय की सोडतोय हे कळतं.

पाणी मात्र त्यांनी निळं केलेलं नाही. शेणाची किंवा गेरूची मातकट जमीन तशीच सोडली आहे. तिच्यावर मासा आला की ती जमीन पाणी होते, आणि हे आपण मुकाट्याने मान्य करतो. चित्रकाराने अर्धी कल्पना आपल्यावर सोपवली, एवढा विश्वास मला थोर वाटतो. म्हणून या कलेला कुणी ‘निरागस’ म्हटलं की मी अस्वस्थ होतो. काय सोडायचं याचा इतका कठोर निर्णय निरागसपणातून येत नाही.

त्या निर्णयामागे जुनी शिस्त आहे. वारल्यांकडे लग्नात भिंतीवरचा चौक सवासिनी लिहितात. चौकाची किनार नक्षीने गच्च भरलेली, आणि आत पालघट देवी. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या पाड्यांवर कागद आणि रंग पोचवले, तेव्हा भिंतीबाहेर पडलेल्यांत म्हसे पहिले. लग्न नसतानाही, पुरुष असूनही, ते रोज काढत राहिले. मला तर म्हसे यांचं जाळं म्हणजे चौकाची ती गच्च किनारच वाटते, चौकट सोडून मध्यभागी आलेली. देवीला वेढणारी वीण आता माशांना वेढते. परंपरेतली गोष्ट तिच्या जागेवरून उचलून दुसरीकडे जुळवणं, ही कल्पनाशक्तीच आहे. अगदी नवं काहीतरी शोधून काढण्यापेक्षा ती मला अवघड वाटते.

२०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी, २००३ मध्ये, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामासोबत मांडली गेली होती. ही जोडी मला फार पटते. लाँग यांनी १९६७ साली एका गवताळ मैदानात एकाच वाटेने ये-जा करून, पायांनी गवत दाबून सरळ रेघ उमटवली होती. पावलावर पाऊल टाकून ती रेघ झाली, तसं आसापुढे आस काढून हे जाळं झालं.

ही चित्रं छापील पानावर लहान होऊन येतात तेव्हा जाळ्याचा नुसता राखाडी धब्बा उरतो. मूळ चित्र भेटलं तर एका कडेचा आस धरावा आणि नजर न उचलता ओळीने पुढे जावं. मधेच नजर चुकते, ओळ हरवते, पुन्हा मागे यावं लागतं. ते जाळं काढायला किती वेळ लागला असेल, याची खरी कल्पना तेव्हा येते.