सागरी संरक्षित क्षेत्रांचे 'जाळे' : एका संज्ञेची चिकित्सा

सागरसंरक्षणविषयक लेखनात 'नेटवर्क' ही संज्ञा आज दृढमूल झाली आहे. २००२ साली जोहान्सबर्ग येथील जागतिक शिखर परिषदेने सागरी संरक्षित क्षेत्रांची प्रातिनिधिक 'नेटवर्क्स' २०१२ पर्यंत उभारण्याचा संकल्प केला, आणि तेव्हापासून शासकीय व शास्त्रीय कागदपत्रांत तिचा संचार वाढत गेला. मराठीत तिला 'जाळे' हा पर्याय सहजच मिळतो. रस्त्यांचे जाळे, कालव्यांचे जाळे या प्रयोगांच्या धर्तीवर तो बनतो हे उघड आहे. भूमीवर त्यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु किनाऱ्यावर हा शब्द लक्षणेने नव्हे, तर वाच्यार्थाने नांदतो. रापण, डोल, पाग ही जाळीच होत. जेथे जाळे टाकण्यास मनाई करावयाची, त्याच क्षेत्रांच्या समूहास 'जाळे' म्हणावयाचे, यातील विसंगती केवळ गमतीची नाही. ज्याच्या उपजीविकेवर निर्बंध यावयाचा आहे, त्याला या शब्दातून आपणच अडकणार असा ध्वनी ऐकू आला, तर दोष त्याच्या कानांचा मानता येणार नाही.

मात्र शब्द बदलला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. खरा आक्षेप मूळ संज्ञेच्या वापरावर आहे. 'नेटवर्क' हा शब्द घटकांमधील संबंध सांगतो. चार क्षेत्रे नकाशावर रंगविली म्हणजे तो संबंध सिद्ध होत नाही. जैवविविधता कराराच्या पक्षराष्ट्रांनी २००८ साली बॉन येथे अशा रचनेची पाच लक्षणे मान्य केली : पारिस्थितिकदृष्ट्या महत्त्वाची क्षेत्रे, प्रातिनिधिकता, परस्परसंबद्धता, वैशिष्ट्यांची पुनरावृत्ती आणि प्रत्येक स्थळाची पर्याप्तता. ही व्याख्या काटेकोर आहे. परंतु २०१० च्या आयची उद्दिष्टात आधी आला तो दहा टक्क्यांचा आकडा, आणि 'प्रातिनिधिक', 'सुसंबद्ध' ही विशेषणे त्याच्या मागून आली. २०२२ साली माँट्रिअल येथे आकडा तीस टक्क्यांवर गेला. विशेषणे राहिली, पण त्यांचे स्थान गौणच राहिले. जे मोजता येते ते अहवालात टिकते, जे मोजण्यास कठीण ते गळते. परिणामी, जेथे कोणाचाच विशेष विरोध नाही अशा दूरच्या, कमी उपयोगाच्या पाण्यावर संरक्षणाची मुद्रा उमटवून टक्केवारी भागविण्याचा मोह प्रबळ होतो.

ग्रेट बॅरिअर रीफचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियाच्या या सागरी उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटर. १ जुलै २००४ रोजी अमलात आलेल्या नव्या विभागणीने मासेमारीस पूर्णतः वर्ज्य असे क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते ३३ टक्क्यांवर नेले. कौतुक व्हावे ते मात्र या ३३ चे नव्हे. प्रथम संपूर्ण उद्यानाचे ७० जैवप्रदेश ठरविण्यात आले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग वर्ज्य क्षेत्रात यावा, असा दंडक घालण्यात आला. आकडा येथे प्रातिनिधिकतेच्या सेवेला लावलेला आहे. लोकांकडून दोन फेऱ्यांत ३१,००० हून अधिक निवेदने आली. विभागांना अधिकृत नावे आहेतच, पण ते रंगांनीही ओळखले जातात : हिरव्या विभागात नौकाविहार चालतो पण मासेमारी नाही, पिवळ्यात मर्यादित मासेमारी, गुलाबीत प्रवेशच नाही. नियमाची भाषा नावाड्याच्या तोंडी बसावी, ही दृष्टी अनुकरणीय आहे.

त्या आखणीत 'मार्क्सॅन' या संगणकीय प्रणालीचे साहाय्य घेण्यात आले. ठरावीक उद्दिष्टे कमीत कमी 'खर्चात' साधणारे क्षेत्रसमूह ती शोधून देते. परंतु 'खर्च' या पदात काय घालावयाचे हे नियोजकच ठरवितो. केवळ क्षेत्रफळ घातले, तर एका गावाची वहिवाट आणि निर्जन पाणी समान किमतीचे ठरतात. शिवाय ही प्रणाली मूळ रूपात क्षेत्रांच्या सीमांची लांबी कमी करून त्यांना एकत्र आणते. याला शेजार म्हणता येईल. संबंध म्हणता येणार नाही. पुढे डिंभांच्या प्रवासाची गणिते तिला जोडण्याचे प्रयत्न झाले, ते याच उणिवेमुळे.

कॅलिफोर्नियाने १९९९ च्या कायद्यान्वये आखलेली आणि २०१२ साली पूर्ण केलेली १२४ क्षेत्रांची रचना या बाबतीत अधिक जागरूक आहे. दोन क्षेत्रांतील अंतर ५० ते १०० किलोमीटरांच्या आत असावे, हे मार्गदर्शक तत्त्व तिने स्वीकारले. कोळी जाळ्याची परीक्षा दोऱ्यापेक्षा आसाच्या मापावरून करतो. येथे अंतर हेच ते माप.

महाराष्ट्रापुरते पाहता, १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरांचे आहे. एकटे अभयारण्य म्हणजे 'नेटवर्क' नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. पण समुद्राला 'अरण्य' लावणारे हे नाव ज्या कायद्यातून आले तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मूलतः भूमीचा विचार करतो. प्रादेशिक जलाची सीमा ठरविताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी तजवीज करावी, ही अट त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. तेथील दीर्घकालीन विरोधाचा विचार करताना हा कालक्रम दृष्टीआड करता येत नाही.

मराठी परिभाषाकारांपुढील एक काम यातून स्पष्ट होते. 'कनेक्टिव्हिटी'साठी 'संलग्नता' हा पर्याय सुचणे स्वाभाविक आहे. परंतु संलग्न म्हणजे लगत, चिकटलेले. मार्क्सॅनच्या सीमागणितात जी चूक होते तीच हा शब्द मराठीत कायम करील. 'संबद्धता' त्याहून बरा. ऑस्ट्रेलियातील केपेल बेटांजवळ माशांच्या पिलांचे पितृत्व जनुकांवरून ताडून पाहता, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, परिसरातील प्रवाळक्षेत्राच्या २८ टक्केच असलेल्या वर्ज्य भागांनी ३० किलोमीटरांच्या आतील जवळजवळ निम्मी पिले पुरविली होती, आणि त्यांतील बरीच मासेमारीस खुल्या प्रवाळांवर वाढली. ते प्रवाळ वर्ज्य भागांशी संबद्ध होते. संलग्न असण्याची त्यांना गरज पडली नाही.