कोण कोणासाठी थांबले?

चंडीगडजवळच्या मुल्लानपुरात मी ज्या कार्यालयात काम करतो, तिथे एकदा चित्रीकरण झाले. ‘रोजच्यासारखेच काम करा, फक्त बोलू नका,’ असे आम्हाला सांगण्यात आले. खिडकीशी आलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय माझे काम होत नाही. शेवटी खिडकी बंद करून, दाखल्यासाठी आलेल्या एका म्हातारीला मीच म्हटले, ‘बीबीजी, कल आना.’ पडद्यावर आमची खिडकी उघडी दिसते. समोरची रांग मात्र भाड्याची आहे.

त्यानंतर रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) पुन्हा पाहिला, तो एकाच प्रश्नासाठी: इथे कोण कोणासाठी थांबले?

यातले डबेवाले खरे आहेत. डबा जेवणाच्या सुट्टीआधी पोचलाच पाहिजे. २००३ साली प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटले, तेही चर्चगेटला, त्यांच्या कामाच्या जागी. चित्रपटातही कॅमेराच त्यांच्या मागे धावतो. सायकली, हातगाड्या, लोकलमधली गर्दी यांची दृश्ये घाईची आहेत, म्हणूनच ती पटतात. उलट साजन फर्नांडिसचे (इरफान खान) दाव्यांचे कार्यालय स्तब्ध, रचलेले वाटते. त्याचा एकटेपणा तिथे नेमका पोचतो, पण काम पोचत नाही. शेखच्या चुकलेल्या हिशेबांवरून साहेब चिडतो. ज्याचा दावा चुकला, तो माणूस मात्र आपल्यासमोर येत नाही.

ही खोट जुनी आहे. १८९५ साली लुमिएर बंधूंनी ल्यों शहरात आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले. त्या फितीच्या तीन आवृत्त्या आहेत, म्हणजे कामगारांना पुन्हा पुन्हा बाहेर पडावे लागले. मालकच चित्रकर्ता, नाही कोण म्हणणार? ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवलेल्या पहिल्या फितींमध्ये कारखाना सुटतानाचे दृश्यही होते. गिरण्यांच्या शहराने सिनेमा पाहिला तो असा.

बत्रांच्या चित्रपटात डबेवाल्यांना स्वतःची गोष्ट नाही, ही माझी तक्रार राहतेच. त्यांच्या श्रमावर दुसऱ्या दोघांचे प्रेम पोसले जाते. पण शेवटी लोकलमध्ये ते भजन म्हणतात आणि साजन त्यांच्यात बसलेला असतो. नायकच आता त्यांच्या वाटेने निघालेला असतो. त्या एका प्रसंगासाठी मी या चित्रपटाला बरेच माफ करतो.

आमच्या खिडकीचे ते काही सेकंद मात्र मला अजून नीट पाहवत नाहीत. ती म्हातारी दुसऱ्या दिवशी आली नाही.