‘तांत्रिक यश’ म्हणजे नेमकं कोणाचं यश?

रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे पोटाच्या स्नायूत रक्तस्राव झाला, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून फुटलेली शाखा कॉइल, जेलफोम किंवा ग्लूने बंद करतात. हे एम्बोलायझेशन. उपचार चांगलाच आहे. माझी तक्रार त्यावरच्या शोधनिबंधांबद्दल आहे.

बहुतेक निबंधांत ठळक आकडा असतो ‘तांत्रिक यशा’चा, बऱ्याचदा शंभर टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काय, तर अँजिओग्राफीत गळती दिसेनाशी झाली. पेशंट घरी गेला का, हा प्रश्न वेगळाच! शिवाय हे अभ्यास जुन्या फायलींवरून केलेले, तुलनेला दुसरा गट नसलेले. औषध थांबवून आणि रक्त देऊनच ज्यांचा स्राव थांबला, ते कॅथलॅबपर्यंत पोचत नाहीत, मग हिशोबातही येत नाहीत. त्यामुळे एम्बोलायझेशन नेमकं कोणाला हवं होतं, हे कळतच नाही.

रक्त थांबणं हे शेवटचं उत्तर नसतं. २०२४ची ॲनेक्सा-आय चाचणी बघा. विषय मेंदूतल्या रक्तस्रावाचा, उपाय उताऱ्याच्या औषधाचा. स्राव आटोक्यात आला ६७ टक्के रुग्णांत, नेहमीच्या उपचाराने ५३ टक्क्यांत. पण गुठळ्यांच्या घटना १०.३ टक्के, विरुद्ध ५.६. तीस दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच. दुसरा गट होता, म्हणून हे दिसलं.

आता परळच्या केईएमसारख्या हॉस्पिटलचा विचार करा. इथे लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन झडप गेलेले, मेकॅनिकल झडप बसवलेले तरुण पेशंटही असतात. त्यांना ॲसिट्रॉमसारखी गोळी जन्मभर लागते. नव्या गोळ्यांचा पर्याय नाही: झडपेच्या रुग्णांवरची डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली, ते निष्कर्ष २०१३मध्ये आले. गोळी बंद ठेवली तर झडपेवर गुठळी, लवकर सुरू केली तर पुन्हा रक्तस्राव. म्हणून घरच्यांचा प्रश्न एकच असतो: “डॉक्टर, गोळी परत कधी?”

निबंधांनी याचं उत्तर एका ओळीत उरकू नये. गोळी कितव्या दिवशी सुरू केली, नंतर पुन्हा रक्त गेलं का, गुठळी झाली का, एवढे तीन रकाने प्रत्येक तक्त्यात हवेत. फायली तर आहेतच, त्यातून हेही काढता येईल.